मद्य आणि मनःशामक औषधे

जबलपूरच्या आग्नेयेस मंडला जिल्ह्यातील अरण्यांत चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळू लागतात. गोंड व बैगा लोक ती वेचून वाळवितात. काही खाण्यासाठी ठेवतात व काहींपासून मद्य गाळतात. जबलपूर शहरात दुकानांतून बाटलीबंद मद्य मिळते. मद्य मोहाचे असो वा बाटलीतील, त्यातील मादक द्रव्य एकच, आणि ते म्हणजे मद्यार्क. दुसरीकडे, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये मध्य प्रदेशासह १२ राज्यांत केलेल्या पाहणीत असे आढळले की, दर २० प्रौढांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हातरी नैराश्याने ग्रासलेले असते. तेव्हा नैराश्याचे किंवा चिंतेचे औषध व मद्य एकाच शरीरात एकत्र येण्याचे प्रसंग विरळा नाहीत.

मेंदूतील परिणाम

मेंदूतील पेशींचे कार्य मंद करणारे ‘गॅबा’ नावाचे एक रसायन मेंदूतच तयार होते. १९६० पासून प्रचारात आलेली क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, अल्प्राझोलाम इत्यादी चिंताशामक औषधे या रसायनाचा प्रभाव वाढवितात. मद्यार्कही तेच करतो. म्हणून दोन्ही एकत्र येताच गुंगी वाढते, तोल जातो, स्मृती पुसट होते. मात्रा अधिक असल्यास श्वसनाचे नियंत्रण करणारे केंद्रही मंदावते आणि झोपेतच प्राणावर बेतू शकते.

नैराश्यावरील औषधांचे स्वरूप निराळे आहे. अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या औषधांनी मुळातच झोप येते; मद्याने ती धोकादायक प्रमाणात वाढते. फ्लुओक्सेटीनसारख्या नव्या औषधांबरोबर हा धोका कमी असला, तरी मद्य स्वतःच मन खिन्न करते व झोप बिघडविते. त्यामुळे औषधाने साधलेला लाभ नाहीसा होतो.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. नित्य मद्य घेणाऱ्याचा मेंदू त्या मंदतेशी जुळवून घेण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवितो. रात्रीचे मद्य ओसरले की सकाळी ही उत्तेजना तेवढी उरते. छाती धडधडते, हात कापतात, भीती वाटते. रुग्णास वाटते की औषध निरुपयोगी ठरले. म्हणून तो गोळी वाढवितो किंवा पुन्हा मद्याकडे वळतो.

एक दिवस गोळी टाळल्याने काय होते?

विवाहसमारंभाच्या किंवा होळीच्या दिवशी गोळी न घेता मद्य घेतले की धोका टळतो, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. डायझेपामचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे २० ते ५० तास लागतात. सकाळची गोळी टाळली तरी आदल्या दिवशीच्या गोळीचा मोठा अंश सायंकाळी शरीरात असतोच. मद्यार्काचा निचरा बहुतांशी यकृत करते आणि तेही तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम इतक्याच वेगाने. बाजारातील ३० मिलिलिटर विदेशी पद्धतीच्या मद्यात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. घरी गाळलेल्या मोहाच्या मद्याची तीव्रता मात्र प्रत्येक वेळी भिन्न असते. त्यामुळे पेला मोजूनही मद्यार्काचे प्रमाण कळत नाही.

याउलट, दीर्घकाळ घेतलेले चिंताशामक औषध एकाएकी बंद केल्यास झटके येण्याचा संभव असतो. नित्याचे अतिमद्यपान अकस्मात सोडल्यानेही तसेच घडू शकते. म्हणून दोन्ही गोष्टी वैद्यांच्या देखरेखीखाली, क्रमाक्रमाने सोडावयाच्या असतात.

काय करावे?

औषध सुरू होण्यापूर्वी मद्यसेवनाचे खरे प्रमाण डॉक्टरांस सांगणे हा सर्वांत महत्त्वाचा उपाय होय. लाजेने ते लपविल्यास डॉक्टर मात्रा ठरवितात ती अपुऱ्या माहितीवर. चिंताशामक औषधे चालू असताना मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे. इतर औषधांविषयी डॉक्टरांचा सल्ला पाळावा. गोळी व मद्य घेऊन झोपलेली व्यक्ती हाक मारूनही जागी होत नसेल किंवा तिचा श्वास संथ पडला असेल, तर तिला एका कुशीवर वळवावे, ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारांवर उपचार होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. नैराश्य व मद्यासक्ती हे दोन्ही उपचाराने आटोक्यात येणारे विकार आहेत. उपचार करताना मात्र दोहोंचा विचार एकत्र व्हावा लागतो.