बी जपणाऱ्या दारापर्यंत

व्यापारी बंधूंनो,

आम्ही दाणाबाजारातली माणसे. आमची सहल म्हणजे आबू वा महाबळेश्वर आणि यात्रा म्हणजे शत्रुंजय वा सम्मेदशिखर. अशा मनुष्याने साठी उलटल्यावर उत्तर ध्रुवाकडे जाण्याचा बेत करावा, याचे फतेगंजातील स्नेह्यांस हसू येते. म्हणून त्या बेताचा जमाखर्च येथे मांडतो.

कारण धान्याचेच आहे. वडिलांच्या काळी आमच्या गादीवर जोंधळ्याचा एक टपोरा, गोड वाण येत असे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या गिऱ्हाइकाने तो मागितला. खेडोपाडी चौकशी केली. परंतु पेरण्यापुरतेही बी कोणाकडे उरले नव्हते. बुडालेला पैसा पुन्हा मिळविता येतो, बुडालेले बी मिळत नाही, हे त्या दिवशी उमगले.

पुढे नातवाने स्वालबार्डची माहिती दिली. नॉर्वेच्या या बेटांवर, 78 अंश उत्तरेस, लाँगयिअरब्येन गावाजवळ बर्फाळ डोंगर पोखरून बीजभांडार बांधले आहे. 2008 च्या फेब्रुवारीत ते उघडले. आत उणे 18 अंश थंडीत जगभरच्या पिकांचे 13 लाखांहून अधिक नमुने आहेत. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने ठेवलेली ज्वारी, बाजरी, तूर आणि हरभराही त्यांत आहेत. व्यवहार आपल्या ओळखीचा, ठेवीचा: मालकी ठेवणाराची, पेटी दुसऱ्याने उघडावयाची नाही. सीरियातील युद्धामुळे अलेप्पोच्या बीजसंस्थेचे काम थांबले, तेव्हा तिने 2015 मध्ये आपली ठेव काढली, लेबनॉन व मोरोक्कोत पेरली आणि 2017 पासून नवे बी पुन्हा ठेवावयास आरंभ केला. यास म्हणतात सचोटीची पेढी!

प्रवाशांस मात्र आत प्रवेश नाही. “मग दार पाहण्यासाठी इतक्या लांब जावयाचे?” असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. त्यांची खरी अडचण निराळी होती. त्यांचा तीस वर्षांचा चौविहार. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. आणि तेथे एप्रिलच्या विसाव्या तारखेच्या सुमारापासून ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. नेम पाळावयाचा कोणत्या सूर्यावर?

तेव्हा रोजमेळ काढून बसलो. दिवस-रात्र समान होण्याचा काळ वर्षातून दोनदा येतो. मार्चमध्ये नवा गहू बाजारात येऊ लागतो. पेढी सोडणे अशक्य. सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र खरिपाचा माल यावयाचा असतो, पर्युषणही आटोपलेले असते आणि तेथे सूर्य रीतसर उगवून रीतसर मावळतो. दिवस रोज सुमारे पंधरा मिनिटांनी आखूड होतो, म्हणून सूर्यास्ताची वेळ रोज नव्याने पाहावी लागेल, एवढेच. हे ऐकून त्यांनी होकार दिला.

उरलेली तजवीज थोडक्यात सांगतो. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही. परंतु वाट ओस्लोवरून आणि स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणून परतताना पुन्हा प्रवेश मिळावा यासाठी दोनदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा घ्यावयाचा. दुधातुपाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत; खाकरे तेलातले करावयाचे. वस्तीबाहेर रानात भटकावयाचे तर पांढऱ्या अस्वलांच्या भयाने बंदूकधारी वाटाड्या लागतो. आपल्या हौसेपायी मुक्या जिवावर गोळी सुटण्याचा प्रसंग नको. भांडाराच्या दारापर्यंत मोटारीचा रस्ता आहे, तेवढे पुरे. गावात अनेक ठिकाणी जोडे काढून आत जावयाचे असते. कोळशाच्या खाणींच्या काळापासूनची ही चाल ऐकून सौभाग्यवतींस ते गाव थोडे आपलेसे वाटले!

त्या दारापुढे पाच मिनिटे उभे राहावे, एवढीच इच्छा आहे. जन्मभर धान्य विकले. जेथे ते विकावयाचे नसून केवळ जपावयाचे आहे, असे एक कोठार बाहेरून तरी पाहावे. आपणांस विनंती एवढीच की, आपल्या गादीवर पूर्वी येणाऱ्या आणि आता न येणाऱ्या वाणांची नावे वहीत उतरून ठेवा आणि ज्या शेतकऱ्याकडे त्यांचे मूठभर बी अद्याप असेल, त्याचा माल दोन पैसे अधिक देऊन घ्या. आमच्या जोंधळ्याच्या वेळी हे कोणी केले नाही. मीही केले नाही.