तरुण नट भरवशाचे नसतात?

हौशी नाट्यसंस्थांत हमखास ऐकू येणारी तक्रार: कॉलेजची मुलं तालमीला दांडी मारतात. असं म्हणणाऱ्यांनी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक पाहावाच! महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. तिथे हीच मुलं लेव्हल्स उचलतात, प्रॉपर्टी मांडतात, विंगेत उभं राहून दुसऱ्याची एन्ट्री सांभाळतात. कारण नाटक त्यांचं स्वतःचं असतं.

म्हणून हौशी संस्थांनी एवढं करावं:
✅ परीक्षांच्या तारखा भूमिका देण्याआधीच विचारा.
✅ तालमीचं वेळापत्रक लेखी द्या.
✅ दोन वाक्यांच्या भूमिकेसाठी कुणाला रात्रभर ताटकळत ठेवू नका.
✅ प्रकाश, संगीत किंवा नेपथ्य, एक तरी जबाबदारी पूर्ण सोपवा.

विश्वास टाका, पोरं जीव ओतून काम करतात!