उशीचा अभ्रा आणि पंख्याची मोटर

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कँटन नावाचं गाव आहे. तिथल्या झोलिंगर या मोठ्या दुकानात जेम्स मरे स्पँग्लर झाडलोट करायचा. वय साठीला टेकलेलं आणि छातीत दमा. गालिचे झाडायला घेतले की धुरळा उठायचा आणि त्याला श्वास पुरेनासा व्हायचा. त्याआधी त्यानं शेतीची यंत्रं शोधून काढली होती, त्यांची पेटंटं घेतली होती. पैसा हाती लागला नव्हता, पण हात तयार झाले होते. १९०७ साली त्यानं एका पंख्याची मोटर घेतली, साबणाच्या खोक्याला जोडली, खोक्याला झाडूचा दांडा ठोकला आणि मागच्या तोंडाला उशीचा अभ्रा बांधला. पुढे गोल फिरणारा ब्रश. ब्रशनं केर उचलायचा, पंख्यानं तो ओढायचा, अभ्र्यानं हवा सोडून द्यायची आणि धूळ अडवायची. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळालं.

उभे व्हॅक्युम क्लीनर जमवणारे लोक अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आहेत, आणि ते ही यंत्रं नुसती मांडून ठेवत नाहीत, घरात वापरतात. त्यांच्या छंदाचा विचार करताना मी पुन्हापुन्हा त्या खोक्याशी येतो. पुढच्या कित्येक दशकांतलं कुठलंही उभं यंत्र घ्या, दांडा, मोटर, ब्रश आणि पिशवी हा सांगाडा तोच आहे. एका दमेकरी सफाई कामगारानं स्वतःच्या छातीसाठी ही वस्तू केली, हे मला तिच्याबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

धूळ ओढणारं यंत्र त्याआधीही होतं. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथनं ते १९०१ मध्येच केलं होतं, पण ते घोड्यांनी ओढायच्या गाडीवर बसवलेलं असे. गाडी रस्त्यात उभी राहायची आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून दिवाणखान्यात सोडल्या जायच्या. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी, १९०२ साली, वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या गालिच्याची सफाई याच यंत्रानं झाली. ते भाड्यानं बोलवावं लागे. स्पँग्लरचं खोकं एकटा माणूस ढकलू शकत होता.

त्यानं एक यंत्र ओळखीतल्या सुझन हूवर यांना वापरायला दिलं. त्यांचे पती विल्यम हेन्री हूवर जवळच्या न्यू बर्लिन गावात चामड्याचं सामान, घोड्याचा साज वगैरे बनवत. मोटारी रस्त्यावर आल्या होत्या आणि घोड्यांवर चालणारा धंदा फार काळ टिकणार नव्हता. हूवर यांनी पेटंटाचे हक्क घेतले, स्पँग्लरला सोबत ठेवलं आणि चामड्याच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात काम सुरू केलं. पहिल्या यंत्राचं नाव ‘मॉडेल ओ’. डिसेंबर १९०८ मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये जाहिरात आली की दहा दिवस घरी फुकट वापरून पाहा. पत्रं आली तेव्हा हूवर यांनी यंत्रं त्या त्या गावातल्या दुकानदारांकडे पाठवली आणि त्यातून विक्रेत्यांचं जाळं तयार झालं. पुढे ब्रिटनमध्ये ‘हूवर’ हे झाडण्याचं क्रियापदच झालं. स्पँग्लर मात्र १९१५ मध्येच गेला.

या यंत्राचा खरा कस गालिच्यात आहे. वर पडलेला केर, म्हणजे केस, दोरे, पावाचा चुरा, ब्रशनं सहज निघतो. पण पायांबरोबर आलेली बारीक वाळू लोकरीच्या मुळाशी जाऊन बसते. ती दिसत नाही. माणसं वरून चालत राहतात आणि धारदार कण लोकर कापत राहतात. आपल्याकडे सतरंजी दोरीवर टाकून काठीनं बदडायची रीत होती. पाश्चात्त्य घरांतही गालिचा वर्षातून एकदोनदा अंगणात नेऊन बदडत. १९२६ च्या ‘हूवर ७००’ नं हे बदडणं यंत्राच्या पोटात आणलं. फिरत्या रुळावर ब्रशांच्या जोडीला धातूच्या गुळगुळीत पट्ट्या बसवल्या. हवेच्या ओढीनं गालिचा जमिनीपासून किंचित उचलला जातो, तसाच अधांतरी असताना त्या पट्ट्या त्याच्यावर झपाझप टपल्या मारतात. वाळू सुटते, ब्रश लोकर विंचरतो आणि सुटलेली वाळू हवेबरोबर वर जाते. काठीचं काम, काठीच्याच तत्त्वानं, पण घरभर धुरळा न उडवता. मला ही रचना अतिशय सुंदर वाटते.

जुन्या उभ्या यंत्रांत बहुधा केर थेट पंख्यातूनच जातो आणि मग पिशवीत पडतो. वाट आखूड आणि तोंड रुंद, त्यामुळे बेताच्या मोटरवरही भरपूर हवा वाहते. याची किंमत पंखा मोजतो. नाणं किंवा खिळा आत गेला की टणकन आवाज होतो आणि पात्याला टवका उडतो. अशी यंत्रं वापरणाऱ्यांचा कान तयार होतो. यंत्र गालिच्यावर टेकवलं की मोटरचा सूर थोडा खाली येतो आणि खालून ढोलकीसारखी थरथर ऐकू येते. सूर खाली आलाच नाही, तर मोटरपासून ब्रशच्या रुळाला फिरवणारा रबरी पट्टा घसरतोय किंवा तुटलाय.

सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरमध्ये वर्षानुवर्षं वुर्लिट्झर ऑर्गन वाजवणारा स्टॅन कान हा अशा यंत्रांचा नामांकित संग्राहक होता. जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’ या टीव्ही कार्यक्रमात तो आपली जुनी यंत्रं घेऊन कितीतरी वेळा गेला. थिएटरमधला पाइप ऑर्गनही विजेच्या पंख्यानं लोटलेल्या हवेवरच गातो, हे लक्षात घेतलं की त्याचं हे वेड परकं वाटत नाही.

रूपाचीही ओढ आहेच. १९३६ चं ‘हूवर १५०’ हेन्री ड्रेफस या आरेखनकारानं घडवलं आणि मोटरवर बेकलाइट या प्लास्टिकचं निमुळतं, गुळगुळीत कवच चढवलं. त्याच दशकात यंत्रांना पुढे दिवे आले, सोफ्याखालचा अंधार उजळायला. लंडनच्या पश्चिमेला पेरिव्हेलमधला हूवरचा पांढराशुभ्र कारखाना याच काळातला. क्लीव्हलंडच्या कर्बी यंत्रांचा थाट वेगळा. ती ओतीव ॲल्युमिनियमची, आरशासारखी चकाकणारी. विक्रेता घरी यायचा, यंत्रात पांढऱ्या कापडाची चकती घालायचा, गालिच्याचा एक तुकडा साफ करायचा आणि काळी पडलेली चकती काढून जमिनीवर मांडायचा. मग दुसरी, मग तिसरी. घरच्या बाईसमोर तिच्याच घरातल्या धुळीची रांग लागायची.

आपल्याकडे ही उभी यंत्रं फारशी आलीच नाहीत, आणि त्याचं कारण जमिनीतच आहे. शहाबादी फरशी आणि मोझेक यांना बदडण्याची गरज नसते. १९८० च्या दशकात मराठी मध्यमवर्गाच्या दारात सूटकेस घेऊन विक्रेते आले, ते नळीची, आडवी यंत्रं घेऊन. तीही बऱ्याच घरांत दिवाळीपुरती माळ्यावरून उतरत. रोजची धूळ उठत राहिली केरसुणीनं, आणि ती गेली झाडणाऱ्या बाईच्या छातीत. स्पँग्लरचा खोकला आपल्याला ओळखीचा वाटायला हवा.

जमवणाऱ्यांच्या लेखी यंत्र जपायचं म्हणजे चालवायचंच. पडून राहिलं की रबरी पट्टा आकार धरतो, बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट होतं, वायरीवरचं रबर तडकतं. म्हणून जुनं यंत्र हाती आलं की जाणता माणूस ते लगेच प्लगला लावत नाही. आधी वायर बदलतो, मोटरचे कार्बन पाहतो, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरतो. अमेरिकन यंत्र असेल तर आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर हवाच, कारण त्याची मोटर ११० व्होल्टच्या आसपासची असते. विटलेली कापडी पिशवी उसवून तिच्या मापाची नवी शिवतात. बेकलाइटला हलक्या हातानं पॉलिश करतात, कारण ते ठिसूळ असतं आणि पडलं तर फुटतं.

मग पट्टा. यंत्र उलटं करून खालची पट्टी काढायची. रुळाला गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीनं कापून ओढायचे. ते पुष्कळ निघतात. पट्ट्याचं एक टोक रुळाच्या खाचेत आणि दुसरं ताणून मोटरच्या दांड्यावर. कर्बीत पट्टा पीळ घेऊन जातो आणि पीळ उलटा पडला तर ब्रश उलटा फिरून केर पुढे फेकतो. त्यासाठी बाणाची खूण केलेली असते. ती धुळीखाली असते, बोटानं पुसून पाहावी लागते.

बटण दाबलं की सपाट लोंबणारी पिशवी खालून वर फुगत जाते आणि ताठ उभी राहते. एक खोली झाडून झाली की मोटर बंद करायची, पिशवी सोडवायची, अंगणात वाऱ्याकडे पाठ करून जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि झटकायची. राखाडी लोकरीचा गोळा पडतो, त्याच्याखाली वाळू. एखादी टाचणी, एखादा मणी. मग कागदाच्या चारही कडा उचलून घ्यायच्या, तोंड मिटून.