नाळेचं रक्त मोठ्यांच्या किती कामाचं?

गाव सोडायला तयार नसलेल्या माणसाला आपल्याकडे विचारतात, ‘इथं काय तुझी नाळ पुरलीय?’ नांदेड-लातूरच्या मोहल्ल्यांत दखनी बोलीतही हाच सवाल होतो, फक्त तिथं ‘नाल गाडलेली’ असते. पूर्वी बाळंतपण उरकलं की सुईण नाळ कापायची आणि वार परसात पुरली जायची. त्या वारेत आणि नाळेत साधारण ८० ते १०० मिलिलिटर रक्त उरलेलं असतं. आज तेच रक्त गोठवून ठेवण्यासाठी हजारो रुपये भरावे लागतात. ‘बाळाला जन्मभर आणि घरच्या मोठ्यांनाही उपयोगी’ असं सांगितलं जातं. यातलं खरं किती, ते पाहू या.

या रक्तात मूळपेशी असतात. आपल्या हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, याच पेशी रात्रंदिवस नवं रक्त तयार करतात. रक्ताचा कर्करोग झाला की काही रोग्यांची बिघडलेली मज्जा जबर औषधांनी नष्ट करावी लागते. मग दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी सलाईनसारख्या शिरेतून सोडतात. त्या वाट काढत हाडांत जातात आणि तिथं रुजतात. भारतात असं मज्जारोपण प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. नाळेच्या रक्ताचं पहिलं रोपण १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केलं. रोगी पाच वर्षांचा मुलगा होता आणि रक्त त्याच्या नवजात बहिणीचं होतं.

लहान मुलांत हा उपाय चांगला लागू पडला. मोठ्यांत अडचण आली ती हिशेबाची. रोग्याच्या वजनाच्या दर किलोमागे किमान अडीच कोटी पेशी लागतात. १५ किलोच्या मुलाला साडेसदतीस कोटी पुरतात, पण ६० किलोच्या माणसाला दीडशे कोटी हव्यात. एका पिशवीत तेवढ्या बहुधा नसतात. बी कमी आणि रान मोठं, अशी ती गत. म्हणून मोठ्यांना दोन बाळांच्या दोन पिशव्या एकदम देण्याची पद्धत आली.

२००४ साली रक्ताच्या कर्करोगाच्या प्रौढ रोग्यांचे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. युरोपातल्या अभ्यासात नाळेचं रक्त मिळालेले ९८ रोगी होते. त्यांच्यात पांढऱ्या पेशी वाढायला २६ दिवस लागले, मज्जा मिळालेल्यांत १९. हे जादा दिवस धोक्याचे, कारण तेवढा काळ शरीर जंतूंपुढं उघडं असतं. पण दोन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं : नाळेच्या रक्तानं ३३ टक्के, मज्जेनं ३८ टक्के. अमेरिकेतल्या अभ्यासात तीन वर्षांनी हेच प्रमाण २३ टक्के होतं. पूर्ण जुळणाऱ्या मज्जेनं ३३ टक्के, तर थोडी कमी जुळणारी मज्जा घेतलेल्यांत १९ टक्के. म्हणजे जुळणारा दाता असेल तर मज्जा बरी, नसेल तर नाळेचं रक्त हा खरा आधार.

या रक्ताचा मोठा गुण असा, की बाळाच्या पेशी नवख्या, समजूतदार असतात. परक्या शरीराशी त्या कमी भांडतात, त्यामुळं जुळणी थोडी कमी असली तरी चालतं. मात्र पुढं आणखी एक वाट निघाली. आई, वडील, मुलगा किंवा भाऊ यांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी घेऊन रोपण होऊ लागलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी तुलनेत अशा रोपणानंतर दोन वर्षांनी ५७ टक्के रोगी हयात होते, दोन पिशव्या नाळेचं रक्त घेतलेल्यांत ४६ टक्के. पेशी प्रयोगशाळेत वाढवून देण्याच्या उपचाराला २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानं पांढऱ्या पेशी २२ ऐवजी १२ दिवसांत वाढल्या.

मग आपल्या बाळाची पिशवी ठेवावी का? नीट लक्षात घ्या, मोठ्यांना वाचवणाऱ्या या पिशव्या बहुतेक परक्या बाळांच्या होत्या, सार्वजनिक पेढीत दान आलेल्या. स्वतःचं रक्त स्वतःलाच लागण्याची शक्यता फार थोडी. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष असेल तर तो त्या पिशवीतही असतोच. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद अशा खाजगी साठवणुकीची शिफारस करत नाही. थोरल्या भावंडाला असा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारावं. शिवाय जन्मानंतर किमान एक मिनिट नाळ कापू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यानं बाळाला लोह मिळतं. पिशवी भरण्याच्या घाईत बाळाचा हक्क जाऊ नये.

नंदीग्राम किंवा लातूर एक्स्प्रेसनं परळ गाठणाऱ्या रोग्याच्या घरच्यांनी पहिला प्रश्न विचारावा तो असा : सख्ख्या भावंडांची जुळणी तपासली का? प्रत्येक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. आणि धडधाकट तरुणांनी मूळपेशी दात्यांच्या यादीत नाव घालावं. त्यासाठी सुरुवातीला गालाच्या आतला नमुना पुरतो. अनोळखी दात्याची जुळणी बहुधा आपल्याच मुलखातल्या माणसांत सापडते. जप्त करून ठेवलेल्या पिशवीपेक्षा दान दिलेल्या पेशींनीच जास्त माणसं वाचवली आहेत.