क्लच आणि त्याची व्हॅम्प

1982 साली हॅस्ब्रो कंपनीनं अमेरिकेतल्या दुकानांत एक हिरवी लष्करी जीप आणली. नाव व्हॅम्प. वरून उघडी, दोनच आसनं, मागच्या बाजूला गोल फिरणारी दुनळी तोफ, आणि काढता-लावता येणारे पेट्रोलचे कॅन. जीपच्याच खोक्यात तिचा ड्रायव्हर होता, क्लच. उंची पावणेचार इंच, काळी दाढी. हा क्लच दुकानात सुटा मिळत नसे. तो हवा तर जीप घ्यावी लागे, आणि जीप घेतली की तो आपोआप घरी येई. ‘जी.आय. जो’ या खेळण्याच्या साठ वर्षांत बरीच स्थित्यंतरं झाली, पण मला या जोडीइतकं महत्त्वाचं दुसरं काही वाटत नाही. गाडीला माणूस मिळाला आणि त्या माणसाला नाव-गाव मिळालं, तिथून हे खेळणं नुसतं खेळणं उरलं नाही.

मूळचा जी.आय. जो 1964 चा. स्टॅन वेस्टन यांची कल्पना, आणि ती हॅस्ब्रोत तडीस नेली डॉन लेव्हिन यांनी. साडेअकरा इंच उंच, एकवीस ठिकाणी हलणारा, अंगावर शिवलेले खरे कपडे, गालावर जखमेचा व्रण. अमेरिकी मुलगा बाहुलीशी खेळणार नाही, अशी तेव्हा सगळ्यांची खात्री होती. म्हणून हॅस्ब्रोनं ‘बाहुली’ हा शब्दच टाळला आणि ‘ॲक्शन फिगर’ म्हणायला सुरुवात केली. पुढे हेच नाव साऱ्या धंद्याचं झालं. पहिली काही वर्षं जोरात गेली. मग व्हिएतनामचं युद्ध घराघरांतल्या टीव्हीवर दिसू लागलं आणि लष्करी खेळण्यांवरून पालकांचं मन उडालं. 1970 मध्ये जो सैनिकाचा साहसवीर झाला. जंगलं, खजिने, समुद्राचा तळ अशा मोहिमा सुरू झाल्या. तेलटंचाईनं प्लास्टिक महागलं तेव्हा एवढा मोठा बाहुला परवडेना. 1978 पर्यंत जो बाजारातून नाहीसा झाला होता.

त्याच वर्षी केनर कंपनीनं ‘स्टार वॉर्स’ची पावणेचार इंची पात्रं आणली. या मापाचं मर्म किमतीपुरतं नव्हतं. फूटभर उंचीच्या बाहुल्यासाठी त्याच्या मापाचा रणगाडा करायचा तर तो दिवाणखाना अडवून बसेल. पावणेचार इंचांच्या माणसाला मात्र जीप, रणगाडा, विमान सगळं देता येतं, आणि ते सगळं पलंगाखाली मावतं. हॅस्ब्रोनं हे नेमकं हेरलं आणि 1982 मध्ये जो परत आणला, आता एकटा वीर म्हणून नव्हे, तर अख्खी तुकडी म्हणून. माणूस लहान झाला म्हणून गाड्यांना जागा झाली. पहिल्याच वर्षी व्हॅम्पबरोबर मोबॅट रणगाडा आला आणि त्याच्यासोबत स्टीलर. पुढच्या वर्षी स्कायस्ट्रायकर विमान आणि त्याचा वैमानिक एस, ड्रॅगनफ्लाय हेलिकॉप्टर आणि वाइल्ड बिल. 1985 ची यूएसएस फ्लॅग ही विमानवाहू नौका तर साडेसात फूट लांब होती. खरी नौका याच प्रमाणात करायची तर साठ फुटांची झाली असती, हे ध्यानात घेतलं की हॅस्ब्रोच्या आरेखकांनी किती हात आखडता घेतला होता ते कळतं.

व्हॅम्पचं रूपही मुळातून पाहण्यासारखं आहे. लॅम्बोर्गिनीनं 1977 मध्ये ‘चीता’ नावाची एक लष्करी गाडी जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली होती. इंजिन मागे, बांधा बसका, चाकं रुंद. अमेरिकी लष्करानं ती कधी घेतली नाही. पुढे कंत्राट मिळालं ते हमव्हीला. व्हॅम्पच्या बांध्यात चीताची छाप उघड दिसते. लष्कराच्या दारातून परत गेलेली गाडी अशी खेळणं होऊन अमेरिकेच्या घराघरात फिरली.

आता ड्रायव्हरकडे येऊ. 1982 च्या तुकडीत हॅस्ब्रोनं काटकसर भरपूर केली. तेच धड, तेच पाय, तेच चेहरे आलटून-पालटून वापरले. क्लचची दाढी आणि मशीनगनवाल्या रॉक ’एन रोलची दाढी एकाच साच्यातून निघालेली आहे, फरक फक्त रंगाचा. स्नेक आइज तर आपादमस्तक काळा ठेवला, कारण त्यामुळे रंगाचा खर्च वाचला. गंमत अशी, की तोच सगळ्यांत लाडका ठरला. एकसारख्या चेहऱ्यांना वेगळेपण दिलं ते खोक्यामागच्या ओळखपत्रानं. ही ओळखपत्रं लॅरी हामा यांची. ते व्हिएतनामच्या काळात अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी दलात होते, आणि मार्व्हलसाठी जी.आय. जोचं कॉमिक लिहीत. लिहिताना घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक पात्राची टिपणं ठेवायची त्यांची पद्धत होती. हॅस्ब्रोच्या लोकांनी ती पाहिली आणि कातरून ठेवता येईल असं कार्ड करून खोक्यावर छापली.

क्लचचं कार्ड वाचा. खरं नाव लान्स स्टाइनबर्ग, जन्म न्यू जर्सीतल्या ॲसबरी पार्कचा. सैन्यात येण्याआधी गॅरेजात मेकॅनिक, शनिवार-रविवारी रस्त्यांवर शर्यती. केसांना तेल चोपडतो, दाढी क्वचित करतो, आणि एकच दातकोरणं महिनोन्‌महिने चघळत राहतो. त्या दातकोरण्याची जादू मला आजही थक्क करते. प्लास्टिकमध्ये ते कुठेही नाही, तरी कार्ड वाचल्यावर त्या तोंडात ते दिसू लागतं. हामा यांनी वीरांची स्तुती लिहिली नाही. ओळखीची, थोडी ओबडधोबड माणसं लिहिली. लष्करात दिवस काढलेला माणूसच असं लिहू शकतो.

1983 मध्ये हातांत सुधारणा झाली. कोपराच्या वर दंड फिरू लागला, त्यामुळे बंदूक दोन्ही हातांनी धरता येऊ लागली. म्हणून 1982 चा ‘स्ट्रेट आर्म’ क्लच वेगळा आणि नंतरचा ‘स्विव्हल आर्म’ क्लच वेगळा. संग्राहक आधी दंडच तपासतात. 1984 मध्ये व्हॅम्पची दुसरी आवृत्ती आली, वाळवंटी रंगाची, आणि तिच्यासोबत नव्या वेशातला क्लच. त्याच साच्यात फेरफार करून शत्रूपक्षाची, कोब्राची, काळी स्टिंगरही काढली. दहा वर्षं हा पसारा वाढत गेला, रंग भडक होत गेले, आणि 1994 मध्ये अमेरिकेत ही मालिका थांबली. कॉमिकही त्याच वर्षी 155 व्या अंकावर थांबलं.

भारतात मात्र जो चालूच होता. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून 1987 मध्ये फनस्कूल उभी राहिली, तिचा कारखाना गोव्यात होता, आणि अमेरिकेत वापरून झालेले साचे इथे आले. महाराष्ट्रातल्या ज्या मुलांनी नव्वदच्या दशकात जी.आय. जो हाताळला, त्यांनी बहुतेक फनस्कूलचाच हाताळला. रंग मूळ अमेरिकी बाहुल्यांहून पुष्कळदा निराळे असत. 2000 नंतरही ही पात्रं इथे निघत होती, आणि तिकडचे संग्राहक ती मुद्दाम मागवून घेत. आपण ज्याला स्वस्तातली नक्कल समजलो, त्याच्या रंगभेदांच्या याद्या परदेशी संग्राहकांनी आस्थेनं केल्या. आपल्याकडे हे काम व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

ते अजूनही करता येईल. मात्र कपाटातला जुना जो सापडला तर आधी त्याच्या कमरेकडे बघा. या बाहुल्याचं धड आणि पाय एका काळ्या रबरी कड्यानं जोडलेले असतात. ते कडं पायांवरच्या धातूच्या आकड्यात अडकवलेलं असतं आणि वर छातीच्या पोकळीत बसवलेलं असतं. वर्षानुवर्षांत रबर वाळतं आणि एक दिवस हातात दोन तुकडे येतात. असे तुटके बाहुले किती कचऱ्यात गेले असतील! खरं तर पाठीवर एकच स्क्रू असतो. घड्याळजीच्या बारीक स्क्रूड्रायव्हरनं तो हलक्या हातानं सोडवायचा, छातीचे दोन भाग वेगळे करायचे, जुनं कडं काढायचं आणि नळाच्या सामानाच्या दुकानात मिळणारं त्याच मापाचं नवं कडं घालायचं. स्क्रू परत लावताना जोर करायचा नाही, कारण जुनं प्लास्टिक तडकतं. अंगठ्यांची तर विशेष काळजी घ्यायची. बंदूक हातात कोंबताना पहिला जातो तो अंगठाच, आणि तो परत बसत नाही.

अलीकडे हॅस्ब्रोनं सहा इंची मापात जो पुन्हा आणला. त्या मालिकेत व्हॅम्पही आली, आणि खोक्यात क्लच होताच. मोठी व्हॅम्प देखणी आहे, पण माझा जीव पावणेचार इंचांच्या जोडीवर आहे. त्या जीपचं स्टिअरिंग आणि कॅन हमखास हरवलेले असतात. म्हणून घरात जुना खेळण्यांचा डबा असेल तर तो ओतून तळापर्यंत बघा. हिरव्या प्लास्टिकचा एखादा नकोसा वाटणारा तुकडा व्हॅम्पचा असू शकतो. आणि खोक्याचं कातरलेलं कार्ड सापडलं तर ते बाहुल्यासोबतच ठेवा.