पोहरादेवीचे बंजारा विरासत संग्रहालय

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी येथे बंजारा समाजाच्या इतिहासाला वाहिलेले संग्रहालय आहे. तांड्यावर आरतीला आणि सणासमारंभात वाजणाऱ्या नंगाऱ्याचा आकार त्याच्या इमारतीला दिलेला आहे. भूमिपूजन ३ डिसेंबर २०१८ रोजी झाले आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. समाजातील थोर व्यक्ती, त्याच्या चळवळी आणि तांड्यावरचे जीवन यांची ओळख करून देणारी १३ दालने येथे आहेत.

पोहरादेवीला ‘बंजारा काशी’ म्हणतात. जगदंबा देवीचे मंदिर, संत सेवालाल महाराजांची समाधी आणि ३० ऑक्टोबर २०२० रोजी निधन पावलेल्या संत रामराव महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबर तेलंगणा, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातूनही बंजारा कुटुंबे येतात. संग्रहालयासाठी जिल्ह्याच्या शहराऐवजी हे गाव निवडले गेले, यामागे हेच बळ आहे.

बंजारा इतिहासाचा गाभा म्हणजे लदेणी, अर्थात बैलांच्या पाठीवरून चालणारी मालवाहतूक. धान्य आणि मीठ लादलेले हजारो बैल घेऊन तांडे देशभर फिरत. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. बैल वाटेतल्या गवतावर चरत, त्यामुळे चाऱ्याचा खर्च फारसा नसे आणि जिथे गाडीरस्ता नाही तिथेही माल पोहोचे. मोगल फौजांची रसदही याच मार्गाने जाई. १६७५ मध्ये गुरू तेगबहादूर यांच्या पार्थिवावर स्वतःच्या घरात अंत्यसंस्कार करणारे लखीशाह बंजारा दिल्लीतील असेच मोठे व्यापारी होते. त्या जागी आज गुरुद्वारा रकाबगंज आहे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या व लदेणी बसली. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जाचात बंजाराही सापडले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. दरम्यान वऱ्हाडातले अनेक तांडे शेती आणि मजुरीवर स्थिरावले. पण नायक आणि कारभारी यांच्या नेतृत्वाखालची तांड्याची घडी टिकून राहिली. याच समाजातले, पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. एकच समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो.

बंजारा स्त्रियांचा पेहराव हा या वारशाचा सर्वांत ठळक भाग. घेरदार फेटिया, आरसे व कवड्या जडवलेली कांचळी, डोक्यावरची छांटिया, केसांतली घुगरी-टोपली आणि हातभर बलिया असा तो साज असतो. रोजच्या वापरातून तो झपाट्याने मागे पडत आहे. बंजारांच्या भाषेला, गोरबोलीला, स्वतंत्र लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तर तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. होळीची लेंगी गीते, श्रावणातल्या तीजेची गाणी आणि सेवालालांची वचने पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चालत आली.

त्यामुळे जुन्या लेखी नोंदी प्रामुख्याने बाहेरच्यांच्या आहेत. वऱ्हाड पोलिसांतील कंबरलेज या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात बंजारांवर टिपण लिहिले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिकोशातील माहिती बरीचशी त्यावर आधारलेली आहे. पोलिसाच्या नजरेतून टिपलेला समाज पुढे ग्रंथांत प्रमाण ठरला. पोहरादेवीचे महत्त्व इथे आहे: बंजारांचा इतिहास त्यांच्याच तीर्थावर, त्यांच्या यात्रेकरूंसमोर मांडला जातो. मात्र दालने सजवल्याने हे काम पुरे होत नाही. यात्रेला येणाऱ्या वृद्धांकडून गीते, वंशावळी आणि लदेणीच्या वाटांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, तरच हे संग्रहालय पुढच्या अभ्यासकांचे पहिले साधन ठरेल.