सहलीच्या पिशवीत लेन्स कुठली? झूम की प्राइम?

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की घरोघरी दोन याद्या होतात. एक फराळाची आणि दुसरी सहलीची. हल्ली या दुसऱ्या यादीत स्वेटर, औषधे आणि चिवड्याच्या डब्याबरोबर कॅमेराही आला आहे. मोबाइलवर फोटो काढून हात बसला, की ‘आता एकदा खरा कॅमेरा घेऊ या’ असे वाटू लागते. भिशीचे पैसे येतात, थोडी भर ‘हे’ घालतात, आणि आपण दुकानात जाऊन उभ्या राहतो. तिथे दुकानदार विचारतो, “लेन्स कुठली देऊ, वहिनी? झूम की प्राइम?” आणि इथेच भल्याभल्या गप्प होतात.

मैत्रिणींनो, हा प्रश्न दिसतो तितका अवघड नाही. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईला तर तो चटकन समजावा.

तवा आणि कढई

लेन्सवर मिलिमीटरचा आकडा लिहिलेला असतो. आकडा लहान, तर समोरचे खूप मोठे दृश्य फोटोत मावते. आकडा मोठा, तर लांबची वस्तू जवळ येते. प्राइम लेन्सला असा एकच आकडा असतो, उदाहरणार्थ ३५ किंवा ५०. झूम लेन्सला दोन असतात, १८–५५ किंवा ५५–२५०. कडे फिरवले, की या दोन आकड्यांमधले कुठलेही अंतर मिळते.

झूम म्हणजे आपला खोलगट तवा. त्यात पोळी होते, भाजी होते, वेळप्रसंगी उपमाही होतो. प्राइम म्हणजे कढई. तिच्यात पोळी भाजता येणार नाही. पण पुऱ्या तळायच्या, तर कढईच हवी.

घरगुती छायाचित्रणात झूम तशी उशिराच आली. साध्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी ‘झूमार’ नावाची ३६ ते ८२ मिलिमीटरची लेन्स १९५९ साली बाजारात आली. त्याआधीचे बहुतेक सगळे जग एका आकड्याच्या भिंगातूनच टिपले गेले. आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचेच पाहा ना. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले, ते पतीच्या नावाने! पुढे त्यांनी स्वातंत्र्याच्या पहाटेचे दिल्लीतील सोहळे टिपले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या हातातल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याला कडे फिरवून जवळ-लांब करण्याची सोय नव्हती. माणूस मोठा दिसायला हवा असेल, तर साडी सावरून दोन पावले पुढे जायचे, एवढाच उपाय.

पायांचे झूम कुठे नको

प्राइम घेणारे हौशी लोक हेच अभिमानाने सांगतात, “पाय आहेत ना, तेच आमचे झूम!” अंगणात हे अगदी खरे आहे. पण आमच्या भागात त्याला एक मोठा ‘पण’ आहे.

माझे सासर मढचे. जुन्नर तालुक्यात, ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना लागणारे गाव. पुढे पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी, समोर हरिश्चंद्रगडाचे डोंगर. पावसाळ्यात इथून पुढे जाणाऱ्या गाड्यांची रांग पाहावी! धबधबा, धुके आणि कड्यावरून खाली पाहणे, एवढ्यासाठी माणसे लांबलांबून येतात. अशा ठिकाणी ‘जरा अजून थोडे मागे’ किंवा ‘एकच पाऊल पुढे’ हे शब्द फार महागात पडू शकतात. शेवाळलेला दगड आणि ओला कठडा कुणाचाच सगासोयरा नसतो. त्यातून या घाटात दरडीही कोसळतात. नाणेघाटाच्या तोंडाशीही तसेच, एका बाजूला सरळ कोकणाची खोली. इथे झूमचे कडे फिरवावे आणि पाय आहेत तिथेच ठेवावेत. मुले बरोबर असली, तर दुसरा हात त्यांच्यासाठी मोकळा राहतो, हा आणखी एक फायदा.

पावसाळ्यात झूमची बाजू आणखी एका कारणाने जड होते. प्राइम दोन असल्या, तर त्या बदलाव्या लागतात. भुरभुर पावसात लेन्स काढली, की कॅमेऱ्याच्या पोटात ओलावा गेलाच म्हणून समजा. उन्हाळ्यात तिथेच धूळ जाते.

गर्दीतही झूमच बरी. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या देवळात श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी रचतात. त्या पाहायला एवढी झुंबड असते, की आपण उभ्या राहिलो ती जागा आपली. तिथून पिंडीही हवी आणि लेकीचा चेहराही हवा, तर झूमशिवाय गती नाही.

लांबच्या पक्ष्यांचे मात्र वेगळे गणित आहे. धरणाच्या पाण्यावरचे पक्षी टिपायला १८–५५ची साधी झूम पुरत नाही, फोटोत नुसते ठिपके दिसतात. त्यासाठी किमान २५०–३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स हवी. तशी हौस नसेल, तर पक्षी डोळ्यांनीच पाहावेत.

अंधाऱ्या माजघराचा प्रश्न

आता प्राइमची बाजू. लेन्सवर दुसराही एक आकडा असतो, एफ १.८, एफ ५.६ असा. हा उजेडाच्या खिडकीचा आकडा. गंमत अशी, की आकडा लहान तेवढी खिडकी मोठी. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८–५५च्या झूममध्ये ५५वर नेले, की खिडकी बहुधा एफ ५.६ इतकीच उघडते. ५० मिलिमीटरची साधी प्राइम मात्र एफ १.८पर्यंत उघडते. म्हणजे जवळजवळ दहापट उजेड! जो फोटो प्राइमने सेकंदाच्या साठाव्या भागात निघेल, त्यालाच झूमला साधारण सहावा भाग लागेल. तेवढ्या वेळात आपला हात हलतो, आणि समोरचे माणूस तर हलतेच.

हात हलल्याचा दोष काढणारी सोय हल्ली पुष्कळ झूममध्ये असते. पण ती आपल्या हाताची थरथर आवरते. समोरच्या मुलाची उडी किंवा आजीची मान ती थांबवू शकत नाही, हे दुकानात आवर्जून विचारून घ्यावे. कॅमेऱ्याला कमी उजेडातही जास्त संवेदनशील करता येते, पण त्याने फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात.

आमच्याकडे हा प्रश्न अगदी दाराशी येऊन ठेपला आहे. मढचे जुने घर या दिवाळीनंतर उतरवायचे ठरले आहे. मातीच्या भिंती, धुराने काळे झालेले वासे, आणि एका झरोक्यातून चुलीपाशी येणारा उजेड. सासूबाईंचे वय झाले. त्या अजूनही भाकरी त्या चुलीवरच करतात. नवे स्लॅबचे घर सोयीचे होईल, यात शंका नाही. पण नातवंडांना पुढे ‘आजीचे घर कसे होते?’ याचे उत्तर द्यायचे, तर ते चुलीपुढच्या त्या उजेडातच आहे. तिथे फ्लॅश मारला, की चेहरा पांढराफटक आणि मागे काळा अंधार! जाळाची तांबूस झाक पार पुसून जाते. म्हणून मी घरात हट्टच धरला आहे, की या वर्षीची खरेदी ३५ किंवा ५०ची प्राइमच. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतील. ते माजघर असणार नाही.

देवळे-लेण्यांचेही असेच. खिरेश्वरच्या नागेश्वर मंदिरातले कोरीवकाम, पूरचे कुकडेश्वर, लेण्याद्रीच्या विहारातला गिरिजात्मज, सगळीकडे आत उजेड बेताचाच. फोटोला परवानगी आहे ना, एवढे मात्र आधी विचारावे. हाच नियम माणसांनाही लागू. भातलावणीत वाकलेल्या बाया दुरून झूमने टिपण्याआधी बांधावरून हाक मारून विचारले, तर त्या हसून होकार देतात, आणि फोटोही हसरा येतो.

प्राइमच्या मोठ्या खिडकीचा एक तोटा लक्षात ठेवा. एफ १.८वर स्पष्ट दिसण्याची पट्टी अगदी अरुंद असते. घरच्या सगळ्यांचा फोटो त्यावर काढलात, तर पुढे बसलेले दीर स्पष्ट आणि मागे उभी जाऊ धूसर! मग दिवाळीभर तोच विषय. माणसांच्या दोन ओळी असतील, तर उजेडात यावे आणि खिडकी एफ ५.६ किंवा ८वर ठेवावी.

खरेदीपूर्वी एवढे करा

१. मोबाइलच्या मागे दोन-तीन भिंगे असतात, ती बहुतेक प्राइमच असतात. एक आठवडा बोटांनी चित्र मोठे न करता फोटो काढा. चालून जमते की जीव कासावीस होतो, ते कळेल.

२. कुणाच्या घरी झूमचा कॅमेरा असेल, तर त्यातले जुने शंभर फोटो पाहा. प्रत्येक फोटोच्या माहितीत मिलिमीटरचा आकडा नोंदलेला असतो. बहुतेक फोटो एकाच आकड्याच्या आसपास निघाले, तर त्या आकड्याची प्राइम तुमची.

३. साध्या कॅमेऱ्यात पडदा लहान असल्याने ५०ची लेन्स ७५सारखी वागते. एकट्या माणसाच्या चेहऱ्याला ती छान. घराच्या लहान खोल्यांत मात्र भिंतीला पाठ टेकते, तिथे ३५ बरी.

४. वजन हातात घेऊन पाहा. साध्या कॅमेऱ्याची ५०ची प्राइम सहसा दोनशे ग्रॅमच्या आत असते. मोठ्या खिडकीची ७०–२००ची झूम सुमारे दीड किलोची. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना कडेवर मूल असेल, तर हा हिशेब आधीच करावा.

आणि सांभाळायची कशी?

आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवणे सर्वांत वाईट. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. निळे खडे गुलाबी झाले, की ते ओले झाले असे समजून बदलावेत. हे खडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. तांदळाच्या डब्यात लेन्स पुरू नये, पिठी भिंगात जाते. गार गाडीतून उतरल्या-उतरल्या कॅमेरा बाहेर काढला, तर काचेवर दव धरते. दहा-पंधरा मिनिटे तो पिशवीतच राहू द्यावा.

सारांश काय, तर पावसाळी घाट, जत्रा, मुले आणि एकच लेन्स असे असेल, तर झूम घ्या. कॅमेऱ्याबरोबरची साधी झूम आधीच असेल, तर तिची मोठी बहीण घेण्याऐवजी एक लहानशी प्राइम घ्या. रस्त्यावर झूम, घरात आणि देवळात प्राइम, अशी वाटणी केली, की सहलीत लेन्स बदलायची वेळ दिवसातून एखाददुसऱ्यांदाच येते.

आणि हो, एक काम विसरू नका. कॅमेरा कधीतरी मुलीच्या किंवा ‘ह्यां’च्या हाती द्या आणि स्वतः समोर उभ्या राहा. घरच्या आल्बममध्ये सगळे असतात, फोटो काढणारी तेवढी नसते. या दिवाळीत ती रिकामी जागा भरून काढा.